दुःखावर रेंगाळणारी नजर

विसाव्या शतकाची साठ वर्षं उलटली तरी लहान मुलाला खरंखुरं नैराश्य येऊ शकतं, हे पाश्चात्त्य मानसोपचाराला फारसं मान्य नव्हतं. फ्रॉइडच्या वारसदारांचं गणित सरळ होतं. नैराश्य म्हणजे कठोर पराहम्, मनातला नैतिक पहारेकरी, माणसाला देतो ती शिक्षा. मुलांचा पराहम् अजून पुरता घडलेलाच नसतो. मग शिक्षा देणार कोण? एखादी मुलगी महिनोन्‌महिने गप्प राहिली, एखादा मुलगा पोट दुखतंय म्हणून शाळा बुडवू लागला, तर त्याला ‘झाकलेलं नैराश्य’ म्हणायचं, नाहीतर वयाचा भाग म्हणून सोडून द्यायचं. १९७१ साली स्टॉकहोममध्ये युरोपातल्या बालमानसोपचारतज्ज्ञांनी याच विषयावर परिषद भरवली, तेव्हा कुठे त्याला वाचा फुटली. १९८० साली अमेरिकन निदानपुस्तिकेची तिसरी आवृत्ती निघाली आणि प्रौढांचे निकष मुलांनाही लागू झाले. मानसशास्त्रज्ञ मारिया कोव्हाक्स यांनी तोवर मानसोपचारतज्ज्ञ आरन बेक यांच्या नैराश्य मोजणाऱ्या १९६१ च्या प्रश्नावलीवरून मुलांसाठी वेगळी प्रश्नावली बेतली होती.

प्रश्नावलीला मात्र एक मर्यादा होती. चौदा वर्षांच्या मुलाला ‘काय होतंय?’ असं विचारलं तर ‘काही नाही’ हेच उत्तर येतं, मग ते गाव नॅशव्हिल असो की नाशिक. न विचारता मनाचा ठाव घेणारं काहीतरी हवं होतं.

त्याचा धागा नॅशव्हिलमध्येच सापडला, तोही जुना. टेनेसीच्या शेतकरी कुटुंबातल्या जॉन रिडली स्ट्रूप या संशोधकाने १९३५ साली पीबडी कॉलेजातल्या प्रबंधाचे प्रयोग प्रसिद्ध केले. ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईत छापायचा आणि समोरच्याला शाईचा रंग विचारायचा, एवढाच खेळ. शंभर रंगीत चौकोनांचे रंग सांगायला विद्यार्थ्यांना सरासरी ६३ सेकंद लागले. तेच रंग विसंगत शब्दांच्या रूपात आले तेव्हा ११०. वाचायचं नाही असं ठरवूनही डोळे वाचतात आणि जीभ अडखळते. स्ट्रूप यांना स्वतःला पुढे यात फारसा रस उरला नाही. ते बायबल शिकवण्यात आणि त्यावर पुस्तकं लिहिण्यात रमले. त्यांचं नाव मात्र मानसशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात जाऊन बसलं.

जवळपास पन्नास वर्षांनी, १९८४ मध्ये, इयन गॉटलिब आणि डग्लस मॅकॅन यांनी रंगांच्या नावांऐवजी उदासीचे शब्द वापरले. नैराश्याची लक्षणं असलेले विद्यार्थी अशा शब्दांच्या शाईचा रंग सांगताना अडखळत होते. नैराश्यात माणूस स्वतःकडे, जगाकडे आणि भविष्याकडे काळ्या नजरेने पाहतो, हे बेक यांनी १९६७ च्या ग्रंथात मांडलं होतं. आता त्या नजरेचं माप घड्याळावर उमटू लागलं.

लगेच, १९८६ साली, लंडनहून एक बुचकळ्यात टाकणारा निष्कर्ष आला. कॉलिन मॅक्लाउड, अँड्र्यू मॅथ्यूज आणि फिलिप टाटा यांनी ‘डॉट-प्रोब’ नावाची चाचणी बेतली होती. पडद्यावर एकाखाली एक असे दोन शब्द अर्धा सेकंद दिसतात, एक भीतीचा आणि एक साधा. शब्द गेले की कधीकधी त्यांपैकी एका जागी ठिपका उमटतो. तो दिसताच बटण दाबायचं. लक्ष आधीच ज्या जागी असेल तिथला ठिपका लवकर सापडतो. चिंताग्रस्त रुग्ण भीतीच्या शब्दाच्या जागी आलेला ठिपका पटकन टिपत. नैराश्याच्या रुग्णांमध्ये असं काहीच दिसलं नाही. म्हणजे बेक चुकले की काय?

उत्तर त्या अर्ध्या सेकंदात दडलं होतं. पुढच्या वर्षांत शब्द किंवा चेहरे जास्त वेळ दाखवले गेले आणि चित्र पालटलं. २००४ साली स्टॅनफर्डमध्ये गॉटलिब यांच्याच गटाने चेहरे पूर्ण एक सेकंद दाखवले, तेव्हा नैराश्याच्या रुग्णांचं लक्ष दुःखी चेहऱ्यांकडे झुकलेलं आढळलं. चिंतेत नजर धोक्याकडे झेपावते. नैराश्यात ती कुणाहीपेक्षा लवकर दुःखाशी पोहोचत नाही. पण पोहोचली की बाभळीच्या काट्यात अडकलेल्या पदरासारखी तिथून सुटत नाही. या साऱ्या इतिहासात हाती लागलेली सर्वांत मोलाची गोष्ट हीच म्हणावी लागेल.

नजर जशी दुःखात अडकते तसं मनही अडकतं, याचा पडताळा प्रयोगशाळेबाहेर त्याआधीच, अपघाताने मिळाला होता. स्टॅनफर्डमध्येच सुसान नोलन-हेक्सिमा या मानसशास्त्रज्ञेने १३७ विद्यार्थ्यांकडून मनःस्थितीबद्दलच्या आणि उदास असताना काय करता याबद्दलच्या प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १७ ऑक्टोबर १९८९ रोजी, त्या परिसराला ६.९ तीव्रतेच्या भूकंपाचा हादरा बसला. दहा दिवसांनी आणि सात आठवड्यांनी त्यांनी त्याच विद्यार्थ्यांना पुन्हा गाठलं. ज्यांना आपलं दुःख मनात घोळवत बसायची आधीपासून सवय होती, त्यांच्यात सात आठवड्यांनंतरही नैराश्याची लक्षणं अधिक होती. पुढे त्यांनी जोन गिरगस यांच्यासोबत किशोरवयाकडे मोर्चा वळवला. बालपणात मुलगे आणि मुली यांच्यातल्या नैराश्याच्या प्रमाणात फारसा फरक नसतो. पंधराव्या वर्षाच्या आसपास मुलींमधलं प्रमाण मुलग्यांच्या साधारण दुप्पट होतं. दुःख घोळवण्याची सवय आणि त्या वयात मुलींवर येणारे ताण यांचा मेळ त्यांनी या फरकाशी लावला. सारा फरक त्याने उलगडतो असं नाही, पण ‘मुली हळव्याच असतात’ या ठोकळेबाज उत्तरापेक्षा हे कितीतरी बरं.

मग प्रश्न उरला तो आधी काय, लक्षाचा हा कल की नैराश्य, याचा. २००७ साली युटा यूरमन, लिसा टॅलबट आणि गॉटलिब यांनी ९ ते १४ वर्षांच्या अशा मुली घेतल्या, ज्यांच्या आयांना नैराश्य येऊन गेलं होतं, पण त्या स्वतः ठणठणीत होत्या. आधी त्यांचं मन मुद्दाम थोडं उदास केलं आणि मग ठिपक्याची चाचणी घेतली. त्यांचं लक्ष दुःखी चेहऱ्यांकडे वळलं. इतर आयांच्या मुलींचं लक्ष मात्र आनंदी चेहऱ्यांकडे गेलं. त्या मुली जणू उदासी झटकायला आधार शोधत होत्या. आजार नसतानाच वाट तयार झालेली दिसत होती.

इथवरची गोष्ट फार गोळीबंद वाटते, आणि तिथेच सावध व्हायला हवं. २००५ मध्ये श्टेफान श्मुक्ले या जर्मन संशोधकाने दाखवलं की ठिपक्याची चाचणी त्याच माणसावर पुन्हा घेतली तर आकडा वेगळाच येतो. गटांची सरासरी काढायला ती चालेल, पण या मुलाला धोका आहे आणि त्या मुलीला नाही, असं सांगण्याच्या लायकीची ती नाही. म्हणून पुढे नजरेचा माग घेणाऱ्या कॅमेऱ्यांवर भर वाढला. त्यांच्या नोंदींतून नैराश्यात नजर दुःखी चित्रांवर जास्त वेळ थांबते आणि सुखाच्या चित्रांवर कमी, हे नीट दिसलं. बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या गटाने तर डोळ्यातल्या बाहुलीचा आकार मोजला: नैराश्य येऊन गेलेल्या आयांच्या मुलांमध्ये दुःखी चेहरा पाहताना बाहुली किती विस्फारते, यावरून पुढच्या दोन वर्षांतल्या लक्षणांचा काहीसा अंदाज बांधता आला.

लक्ष अडकतं, तर ते सोडवायला शिकवावं, हा विचार ओघानेच आला. मॅक्लाउड यांनी २००२ मध्ये ठिपका नेहमी साध्या शब्दाच्या जागीच आणून लक्षाला वळण लावून पाहिलं. मुलांवरच्या अशा प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१५ साली निघाला. मानसिक आरोग्यावर ठोस परिणाम दिसला नाही.

दुसरी वाट ध्यानाची. जॉन टीस्डेल, मार्क विल्यम्स आणि झिंडल सीगल यांनी बौद्ध परंपरेतली सजगता नैराश्याच्या उपचारात आणली. इगतपुरीला विपश्यनेसाठी जाऊन आलेल्यांना तिची ओळख वेगळी करून द्यायला नको. पुन्हापुन्हा नैराश्य येणाऱ्या प्रौढांना तिचा चांगलाच उपयोग झाला. मग ती शाळेत न्यायची ठरली. ब्रिटनमध्ये ८५ शाळांतल्या ८,३७६ मुलांवर ‘मिरियड’ नावाची चाचणी झाली आणि २०२२ साली तिचे निकाल लागले. ११ ते १४ वर्षांच्या या मुलांपैकी जी सजगतेच्या वर्गात बसली, त्यांचं नैराश्य नेहमीचे तास केलेल्या मुलांपेक्षा कमी झालं नाही. आधीच धोक्यात असलेल्या मुलांना थोडा त्रासच झाला असावा, अशीही चिन्हं होती. ज्याचं मन मुळातच आत वळून अडकलेलं आहे, त्याला डोळे मिटून आणखी आत पाहायला लावणं धोक्याचं ठरू शकतं, ही शंका तेव्हापासून उघडपणे बोलली जाते. आणि एक बाब संशोधकांनी स्वतःच नोंदवली: बहुतेक मुलांनी घरी करायचा सराव जवळजवळ केलाच नव्हता.