सॉफ्टवेअरच्या गरजा आणि कामगिरीचे विश्लेषण म्हणजे काय?

सॉफ्टवेअरने नेमके काय करायचे, हे ते लिहिण्याआधी ठरवणे म्हणजे गरजांचे विश्लेषण. प्रत्यक्ष भार आल्यावर ते किती वेगाने आणि भरवशाने चालते, हे मोजणे म्हणजे कामगिरीचे विश्लेषण. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेल्या नाशिकच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत गरजांचा अभ्यास ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ या विषयात येतो. दोन्ही गोष्टी वेगळ्या वाटल्या तरी एकमेकींवर अवलंबून आहेत. त्या का, हे नाशिकच्याच उदाहरणावरून समजते.

गर्दी मोजणारी चटई

२७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या सिंहस्थात झालेल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविकांचा मृत्यू झाला. २०१५च्या सिंहस्थापूर्वी ‘एमआयटी मीडिया लॅब’चे रमेश रासकर यांच्या पुढाकाराने शहरात ‘कुंभथॉन’ हा उपक्रम झाला. त्यातून निलय कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी ‘अशिओटो’ ही चटई तयार केली. वाटेवर अंथरलेल्या या चटईतील सेन्सर पावलांचा दाब ओळखतात आणि त्यावरून किती माणसे पुढे गेली याचा हिशेब लागतो.

गरज कशी लिहावी?

‘चटईने माणसे मोजावीत’ ही कार्यात्मक गरज झाली. ‘आकडा लवकर दिसावा’ हे मात्र अपुरे आहे, कारण लवकर म्हणजे किती, हे तपासता येत नाही. त्याऐवजी, समजा, ‘आकडा १० सेकंदांत नियंत्रण कक्षात दिसावा आणि नेटवर्क गेले तरी मोजणी चालू राहावी’ असे लिहिले, तर ती तपासता येणारी अकार्यात्मक गरज होते. अशा गरजांच्या दस्तऐवजाला ‘एसआरएस’ म्हणतात. त्यासाठी पूर्वी ‘आयईईई ८३०’ हे मानक वापरले जाई. २०११पासून त्याची जागा ‘२९१४८’ या आंतरराष्ट्रीय मानकाने घेतली.

कामगिरी कशी मोजतात?

जॉन लिटल यांनी १९६१मध्ये सिद्ध केलेला नियम येथे उपयोगी पडतो: आत असलेल्यांची सरासरी संख्या = येण्याचा दर × थांबण्याचा सरासरी वेळ. घाटावर सेकंदाला २० माणसे येत असतील आणि प्रत्येक जण सरासरी ३० मिनिटे थांबत असेल, तर तेथे सुमारे ३६,००० माणसे असतील. सर्व्हरलाही हाच नियम लागू होतो. सेकंदाला २०० विनंत्या येतात आणि प्रत्येकीला अर्धा सेकंद लागतो, तर एका वेळी सरासरी १०० विनंत्या आत असतात. तोच वेळ ५ सेकंदांवर गेला आणि विनंत्यांचा ओघ तसाच राहिला, तर ही संख्या १,००० होते. ती पेलण्याची क्षमता नसेल, तर सर्व्हर कोलमडतो.

केवळ सरासरी वेळ पाहूनही फसगत होते. १०० पैकी ९५ विनंत्यांना ०.२ सेकंद आणि ५ विनंत्यांना १० सेकंद लागले, तर सरासरी ०.६९ सेकंदच येते. त्या पाच जणांचा खोळंबा त्यात दिसत नाही. म्हणून ‘९९ टक्के विनंत्यांना अमुक वेळेत उत्तर मिळावे’ अशी मर्यादा ठरवतात.

दोन्हींचा मेळ

गरजांमध्ये आकडा नसेल, तर चाचणीत आलेला निकाल चांगला की वाईट, हे सांगताच येत नाही. म्हणून प्रकल्पाच्या एसआरएसमध्ये अपेक्षित वापरकर्ते, ऐन गर्दीचा भार आणि उत्तराची कालमर्यादा या तीन गोष्टी कोड लिहिण्यापूर्वीच नोंदवायला हव्यात. पुढच्या सिंहस्थासाठी सॉफ्टवेअर बनवतानाही पहिला प्रश्न हाच असेल: पर्वणीच्या दिवशी त्याच्यावर किती भार येणार?