केइरिन, पुरुष (जागतिक ट्रॅक सायकलिंग अजिंक्यपद)

ट्रॅक सायकलिंगमधील वेगाची सामूहिक शर्यत. सहा-सात सायकलपटू आधी एका मोटरचलित वाहनामागे रांगेने धावतात आणि ते वाहन बाजूला झाले की उरलेल्या फेऱ्या सर्व शक्तीनिशी लढवतात. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत पुरुषांची केइरिन 1980 मध्ये फ्रान्समधील बझाँसाँ येथे प्रथम झाली आणि ती ऑस्ट्रेलियाच्या डॅनी क्लार्कने जिंकली. पुढच्या वर्षीही तोच विजेता ठरला. 1992 पर्यंत ही शर्यत व्यावसायिक सायकलपटूंपुरती होती. 1993 पासून हौशी आणि व्यावसायिक हा भेद उठला. महिलांची जागतिक केइरिन 2002 मध्ये सुरू झाली.

शर्यतीचे मूळ जपानचे. दुसऱ्या महायुद्धानंतर उद्ध्वस्त शहरांच्या पुनर्बांधणीसाठी पैसा उभा करायचा म्हणून 1948 मध्ये सायकल शर्यतींवरील सट्ट्याला कायद्याने परवानगी मिळाली आणि त्याच वर्षी कोकुरा येथे पहिली शर्यत झाली. आज जपानमध्ये चाळीसहून अधिक ट्रॅकवर अशा शर्यती होतात. त्यांत बहुधा नऊ जण उतरतात. प्रत्येकाच्या अंगरख्याचा रंग ठरलेला असतो, सायकल मान्यताप्राप्त कारागिराने घडवलेली पोलादी असते आणि पुढे वेग धरून देणारा स्वतःही सायकलवरच असतो. सट्टा लावणाऱ्याला शर्यत वाचता यावी, कोणत्याही यंत्राचा कुणाला फायदा होऊ नये, अशी ही सगळी रचना आहे.

आंतरराष्ट्रीय केइरिनने जपानकडून कल्पना घेतली, पण शर्यत वेगळीच घडवली. ट्रॅक 250 मीटरचा, लाकडी आणि बहुधा छताखालचा असतो. वळणांवर त्याचा उतार 40 अंशांहून अधिक असतो. सायकली कार्बनच्या, एकाच गिअरच्या आणि ब्रेक नसलेल्या. पुढे धावते ती ‘डर्नी’, म्हणजे पॅडल असलेली छोटी मोटरसायकल. पूर्वी ती पेट्रोलवर चालत असे, अलीकडे विजेवर चालते. तिचा वेग ताशी 30 किलोमीटरपासून हळूहळू 50 पर्यंत नेतात. 2017 पूर्वी शर्यत साधारण दोन किलोमीटरची असे आणि डर्नी अडीच फेऱ्या उरल्या की बाजूला होई. आता शर्यत सहा फेऱ्यांची, म्हणजे 1500 मीटरची आहे आणि डर्नी तीन फेऱ्या उरताना ट्रॅक सोडते. हा बदल वरवर किरकोळ वाटला, तरी त्याने शर्यतीचा स्वभाव पालटला. अर्धी शर्यत आता मोकळी धावली जाते. केवळ शेवटच्या उसळीवर भिस्त ठेवणाऱ्यापेक्षा लांब पल्ल्याचा जोर टिकवणाऱ्याला तिने अधिक वाव दिला.

सुरुवातीची क्रमवारी चिठ्ठ्या टाकून ठरते. डर्नी बाजूला होण्याआधी तिच्या पुढे जाणे हा गंभीर दोष मानतात. रिओ ऑलिंपिकच्या (2016) अंतिम शर्यतीत याच शंकेवरून शर्यत थांबवावी लागली. ती दोनदा नव्याने सुरू झाली आणि अखेर ब्रिटनच्या जेसन केनीने जिंकली. ट्रॅकच्या आतल्या कडेला काळी रेषा आणि तिच्या वर लाल रेषा असते. या दोहोंमधल्या पट्ट्यात जो पुढे आहे त्याला आतून ओलांडता येत नाही. ओलांडायचे तर बाहेरून, आणि बाहेरून जाणे महाग पडते. आडवे मोजून एक मीटर बाहेरून पूर्ण फेरी मारणाऱ्याला सहा मीटरांहून अधिक जादा अंतर कापावे लागते. त्यातच ताशी 70 किलोमीटरच्या पुढच्या वेगात समोरच्याच्या पाठीआड राहणाऱ्याचे श्रम पुष्कळ वाचतात आणि पुढे असलेला एकटा वारा झेलत राहतो. पुढे राहावे तर दम संपतो, मागे राहावे तर वाट अडते. केइरिनमधले सारे डावपेच या पेचातून निघतात. म्हणूनच तिला नशिबाचा खेळ म्हणणे अन्यायाचे आहे. ब्रिटनच्या ख्रिस हॉयने 2007, 2008, 2010 आणि 2012 अशी चार, तर नेदरलँड्सच्या हॅरी लाव्हरायसनने 2020 ते 2022 अशी सलग तीन जागतिक विजेतेपदे मिळवली. नशीब इतके सातत्याने एकाच्या बाजूने उभे राहत नाही. नजर काय करू शकते याचा दाखला केनीने टोकिओ ऑलिंपिकमध्ये दिला. डर्नी बाजूला होताना मागच्याने अंतर सोडलेले त्याने पाहिले आणि तीन फेऱ्या एकट्याने धावून सुवर्ण नेले.

शर्यत धोकादायकही आहे. मलेशियाचा अझिझुलहस्नी अवांग 2011 मध्ये मँचेस्टरच्या विश्वचषक फेरीत केइरिनमध्ये पडला. ट्रॅकच्या लाकडाची सुमारे 20 सेंटीमीटर लांबीची ढलपी त्याच्या पोटरीतून आरपार गेली. तशाच अवस्थेत त्याने सायकलवर चढून शर्यत पुरी केली. 2017 मध्ये हाँगकाँग येथे तो केइरिनचा जगज्जेता झाला.

या इतिहासातली सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट मात्र जपानचीच आहे. तिथल्या कोइची नाकानोने 1977 ते 1986 अशी सलग दहा वर्षे व्यावसायिक स्प्रिंटचे जागतिक अजिंक्यपद राखले. त्यामुळे जपानी सायकलपटूंत वेग नव्हता, असे म्हणता येत नाही. तरीही केइरिनचे विजेतेपद 1987 मध्ये व्हिएन्ना येथे हारुमी होंडाने मिळवले आणि त्यानंतर ते दीर्घकाळ जपानकडे आले नाही. 1990 मध्ये स्पर्धा जपानमध्ये, मायेबाशीला झाली, तेव्हाही जर्मन मिखाएल ह्युब्नर जिंकला. देशातल्या शर्यती लांब ट्रॅकवर, जड पोलादी सायकलींवर होत आणि तिथे दोघे-तिघे संगनमताने एक फळी करून धावत. चांगली कमाईही घरीच होती. परदेशी ट्रॅकवर सहा जणांत प्रत्येक जण एकटा पडतो, हे सवयीने शिकायला त्यांना वेळ मिळत नव्हता.

रिओनंतर फ्रेंच प्रशिक्षक बेन्वा व्हेतू यांच्याकडे राष्ट्रीय संघाचा वेगवान गट सोपवण्यात आला आणि सराव इझु येथील 250 मीटरच्या ट्रॅकवर होऊ लागला. तोमोयुकी कावाबाता (2018), युदाई नित्ता (2019) आणि युता वाकिमोतो (2020) यांनी लागोपाठ तीन रौप्यपदके आणली. 2021 मध्ये चिबा येथे 250 मीटरच्या ट्रॅकवर, सहा जणांच्या आणि आंतरराष्ट्रीय धाटणीच्या सट्ट्याच्या शर्यतीही सुरू झाल्या. घरून बाहेर गेलेला खेळ बदलून घरी परतला, तो असा. 2024 मध्ये डेन्मार्कमधील बॅलरूप येथे केंतो यामासाकीने सुवर्ण जिंकले. होंडानंतर 37 वर्षांनी जपानी पुरुष केइरिनचा जगज्जेता झाला. त्याच स्पर्धेत महिलांची केइरिन जपानच्याच मिना सातोने जिंकली.

ऑलिंपिकमध्ये पुरुषांची केइरिन 2000 पासून आहे. सिडनीतले पहिले सुवर्ण फ्रान्सच्या फ्लोरियाँ रूसोचे. 2008 आणि 2012 मध्ये हॉय, 2016 आणि टोकिओत केनी, तर 2024 मध्ये पॅरिसला लाव्हरायसन विजेता ठरला.

भारतात ही शर्यत 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील वेलोड्रोमवर झाली. सुवर्ण मलेशियाच्या जोसाया एनजीला मिळाले. 2019 मध्ये जर्मनीतील फ्रँकफुर्ट (ओडर) येथे झालेल्या ज्युनिअर जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत अंदमानच्या एसो अल्बेनने केइरिनमध्ये रौप्यपदक मिळवले. त्याच स्पर्धेत तो सांघिक स्प्रिंटच्या सुवर्णविजेत्या भारतीय संघातही होता.