सूक्ष्म प्रकाशीय तरंग-मार्गदर्शक संवेदक

सूक्ष्म प्रकाशीय तरंग-मार्गदर्शक संवेदक : काचेच्या वा सिलिकॉनच्या चकतीवर घडविलेल्या अतिसूक्ष्म पारदर्शक मार्गातून प्रकाश नेऊन, त्या मार्गालगतच्या वायूत, द्रवात किंवा जैव पदार्थात होणारा बदल प्रकाशाच्या तीव्रतेवरून, कलेवरून वा तरंगलांबीवरून ओळखणारे साधन.

तत्त्व : मार्गदर्शकाच्या गाभ्याचा अपवर्तनांक भोवतालच्या द्रव्यापेक्षा अधिक असल्यामुळे पूर्ण आंतरिक परावर्तनाने प्रकाश गाभ्यातच कोंडला जातो; १,५५० नॅनोमीटर तरंगलांबीस सिलिकॉनचा अपवर्तनांक सुमारे ३.४८ व सिलिकेचा सुमारे १.४४ असल्याने सिलिकॉनचा मार्ग अवघा ५०० नॅनोमीटर रुंद व २२० नॅनोमीटर उंच ठेवता येतो. तथापि प्रकाशक्षेत्राचा काही अंश गाभ्याची हद्द ओलांडून बाहेर पडतो आणि तरंगलांबीहून कमी अंतरातच क्षीण होतो. पृष्ठावर साचलेल्या रेणूंची दखल घेतो तो हाच अंश. त्यामुळे प्रकाशाच्या वेगात पडणारा सूक्ष्म फरक माख–त्सेंडर व्यतिकरणमापकात दोन शाखांतील कलाभेदाने, वलयाकार अनुस्पंदकात अनुस्पंदी तरंगलांबीच्या सरकण्याने, तर जालकात प्रकाश आत शिरण्याच्या कोनावरून मोजतात.

संमिश्र द्रव्ये : प्रकाश दूरवर नेण्यासाठी द्रव्य निर्दोष, घन व स्थिर असावे लागते, आणि बाह्य पदार्थास प्रतिसाद देण्यासाठी तेच सच्छिद्र व क्रियाशील असावे लागते, हा विरोध एकाच शुद्ध द्रव्याने क्वचितच मिटत असल्याने संमिश्रांची योजना करावी लागते. झुरिक येथील टीफेनथालर व लुकोश यांनी १९८४ मध्ये सिलिका व टायटॅनियम डाय-ऑक्साइड यांच्या संमिश्र पटलावरील जालकाद्वारे हवेतील आर्द्रतेचे संवेदन दाखविले. अशा पटलात टायटॅनियमचे प्रमाण वाढवून अपवर्तनांक इच्छेनुसार चढविता येतो. सोल-जेल प्रक्रियेने सिद्ध केलेल्या सच्छिद्र सिलिकेत रुथेनियमची जटिल संयुगे गुंतविली असता ऑक्सिजनच्या सान्निध्यात त्यांची दीप्ती मंदावते. पॅलेडियमयुक्त पटले हायड्रोजन शोषून फुगतात व त्यांचे प्रकाशीय गुणधर्म पालटतात; मापनस्थळी विद्युत्प्रवाह न्यावा लागत नसल्याने ज्वालाग्राही वायूच्या बाबतीत ही रीत विशेष सुरक्षित ठरते. रोगनिदानासाठी पृष्ठावर प्रतिपिंडांचा थर बसवितात.

अशाच एका संमिश्राच्या, म्हणजे धातूचे कण विखुरलेल्या काचेच्या, प्रकाशीय वर्तनाचा हिशेब मॅक्सवेल गार्नेट यांनी १९०४ मध्ये मांडला. कण तरंगलांबीच्या मानाने फार लहान असतील, तरच संमिश्रास एकजिनसी द्रव्य मानण्याची ही रीत लागू पडते. सूक्ष्म कणाने होणारे प्रकीर्णन त्याच्या त्रिज्येच्या सहाव्या घातानुसार वाढत असल्यामुळे कणांचे पुंजके होऊ न देणे, हे निर्मितीतील सर्वांत कसोटीचे काम होय.

मर्यादा : तापमानातील बदलही अपवर्तनांक पालटतो व खऱ्या संकेतात मिसळतो. सिलिकॉनचा अपवर्तनांक तापमानाबरोबर वाढतो, तर बहुतेक बहुवारिकांचा घटतो. म्हणून सिलिकॉनच्या गाभ्यावर बहुवारिकाचे योग्य आवरण दिल्यास हे दोन्ही परिणाम परस्परांस बऱ्याच अंशी छेद देतात. याखेरीज पदार्थापासून अलिप्त ठेवलेली संदर्भशाखा जोडण्याचीही तजवीज करतात. सच्छिद्र थर दाट केल्यास प्रतिसाद मंदावतो व विरळ केल्यास टिकाऊपणा घटतो. यास्तव संवेदकाची योग्यता ठरविताना त्याच्या सूक्ष्मग्राहितेइतकाच त्याच्या थराच्या दीर्घकालीन स्थैर्याचाही विचार करणे अगत्याचे आहे.