ग्रामदेवतेचे रान : कोकणातील देवरायांचा इतिहास

कोकणातील ग्रामदैवतांचा इतिहास पाहू गेल्यास एक गोष्ट प्रथमच ध्यानात येते. ती ही की, देऊळ ही पुष्कळ ठिकाणी मागाहून आलेली वास्तू आहे. आधी होते ते रान. त्या रानात एखाद्या जुनाट वृक्षाच्या मुळाशी शेंदूर लावलेला पाषाण असे. कोठे तो भैरी म्हणून पुजला गेला, कोठे वाघजाई, तर कोठे काळकाई म्हणून. दक्षिण कोकणात व गोमंतकात सातेरीदेवी वारुळाच्या रूपाने पुजली जाते. कित्येक देवतांना छप्पर चालत नाही, अशी श्रद्धा आजही आढळते. गाव वसले, शेती वाढली, मानकरी व गुरव यांची व्यवस्था लागली आणि मग कौल घेऊन देवावर छाया झाली. देवाभोवतीचे जे रान तसेच राखून ठेवले गेले, तीच देवराई. तिला कोठे राय, कोठे देवरान, तर रत्नागिरीकडे देवरहाटी म्हणतात.

थोर इतिहाससंशोधक दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मिथ अँड रिॲलिटी’ या ग्रंथात महाराष्ट्रातील मातृदेवतांच्या स्थानांचा विचार केला आहे. ही स्थाने नांगराच्या शेतीपूर्वीच्या काळापर्यंत मागे जातात, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. म्हणजे गावाच्या दफ्तरात जे सापडत नाही, ते या रानात सापडते. देवराई हा गावाचा सर्वांत जुना कागद आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

रानाची घडण

कोकणपट्टीत वर्षाकाठी सुमारे अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. परंतु तो जवळजवळ सर्व चार महिन्यांत पडतो व उरलेले आठ महिने कोरडे जातात. खाली जांभा, वर मातीचा पातळ थर, आणि उतार समुद्राकडे. अशा भूमीत पाणी व माती धरून ठेवण्याचे काम रानाने करावयाचे असते.

उष्ण प्रदेशातील दाट रानाचे एक वैशिष्ट्य आहे. या रानाची सारी श्रीमंती जमिनीत खोलवर साठविलेली नसते. ती उभ्या झाडांत आणि पायाखालच्या पातेऱ्यात असते. पाने गळतात, बुरशी, वाळवी व किडे त्यांची माती करतात आणि वरवर पसरलेली मुळे ते सत्त्व लगेच शोषून पुन्हा पानांत नेतात. हे चक्र अखंड चालते तोवर पातळ मातीवरही गगनचुंबी वृक्ष उभे राहतात. रान तोडले की हे चक्र तुटते, आणि दोनचार पावसाळ्यांत माती धुपून खालचा जांभा उघडा पडतो.

अशा रानाला मजले असतात. वरच्या मजल्यावर उंच वृक्ष, त्यांच्या छायेत मधली झाडे, त्याखाली झुडपे व रोपे, आणि या सर्वांना बांधणाऱ्या गारंबीसारख्या जाडजूड वेली. पावसाचा थेंब जमिनीवर एकदम आदळत नाही. तो पानापानांवर फुटत, खोडावरून ओघळत, पातेऱ्यात मुरतो. म्हणूनच कित्येक देवरायांच्या पायथ्याशी झरा असतो आणि आसपासचे पऱ्हे आटले तरी तो वाहत राहतो.

झाडांची बी नेणारेही ठरलेले असतात. धनेश पक्षी मोठमोठी फळे गिळून त्यांच्या बिया दूरवर टाकतो. त्याची मादी जुन्या झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेऊन अंडी उबवते व नर बाहेरून तिला चारा पुरवितो. जुना, ढोलीचा वृक्ष गेला की धनेशाचे घर गेले, आणि धनेश गेला की झाडांचा पेरणीवाला गेला. आंबा, फणस, जायफळ यांच्या कुळातील झाडांची बी वाळली की मरते. ती पोत्यात भरून वर्षानुवर्षे ठेवता येत नाही. तिला ओली माती व सावली लागते. म्हणून एकदा समूळ गेलेले सदाहरित रान उघड्या सड्यावर आपोआप परत येत नाही.

माणसाचा हात

कोकणचे रान माणसाने पूर्वीपासून वापरले आहे. डोंगरउतारावर झाडोरा तोडून, जाळून, त्या राखेत नाचणी, वरी, हरीक पेरण्याची पद्धत फार जुनी. उत्तरेकडे तिला दळी, तर दक्षिणेकडे कुमरी म्हणत. दोनतीन पिके घेऊन जमीन दहाबारा वर्षे पडीक सोडली तर रान पुन्हा भरे. माणसे वाढली व विसाव्याची वर्षे घटली, तसे ते भरेनासे झाले. भाताच्या रोपांसाठी राब भाजण्याची चालही अशीच. ऐन, किंजळ यांचा कवळ तोडून, शेण, पाला व गवत यांसह तो तरव्यात जाळावयाचा. त्याने तणाचे बी मरते व रोप जोमाने येते. यात शेतकऱ्याचा दोष नाही. त्याला दुसरे साधन नव्हते. मात्र वर्षानुवर्षे कवळ तोडलेली झाडे खुंटासारखी उभी राहिली, हेही खरे.

राज्यकर्त्यांनाही लाकूड हवेच होते. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे, याचा विचार आहे. रयतेने वाढविलेल्या आंब्या-फणसांस हात लावू नये, झाड जीर्ण होऊन कामातून गेले असेल तर मालकास राजी करून व मोबदला देऊन मगच तोडावे, असा त्यातील आदेशाचा आशय आहे. झाड एकदोन वर्षांत होत नाही, ही जाणीव त्यामागे होती.

इंग्रजी अमलात मागणीचे स्वरूप पालटले. अलेक्झांडर गिब्सन हे १८४७ साली मुंबई इलाख्याचे जंगल अधिकारी झाले. दक्षिण कोकणातील डोंगर उघडे पडून झरे आटत आहेत व खाड्या गाळाने भरत आहेत, याकडे त्यांनी सरकारचे लक्ष वेधले होते. १८५३ साली मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली व १८६३ साली ती बोरघाट चढून गेली. १८६५ व १८७८ चे जंगल कायदे झाले आणि पुष्कळ रान सरकारी राखीव ठरले. रत्नागिरी जिल्ह्यात मात्र बहुतेक रान मालकीचेच राहिले आणि पैशाची निकड लागेल तसे ते विकले गेले. मुंबई-पुण्याच्या शेगड्यांसाठी डोंगरात कोळशाच्या भट्ट्या लागल्या. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई झाली, तेव्हा मोटारीसुद्धा कोळशाच्या वायूवर चालत. पुढे रस्ते डोंगरात शिरले व मालमोटारी आल्या. १९९० नंतर रोजगार हमीशी निगडित फळबाग योजनेतून आंबा-काजूच्या बागा उभ्या राहिल्या. त्यांनी अनेक कुटुंबांना हात दिला. परंतु बाग म्हणजे रान नव्हे. बागेत एकाच जातीची, एकाच वयाची झाडे असतात. तिला मजले नसतात आणि पातेराही नसतो.

देवाचा कायदा

या साऱ्या धामधुमीत देवराई टिकली ती कशामुळे? तिच्याभोवती कुंपण नव्हते व पहारेकरीही नव्हता. रानातली वाळकी काडीसुद्धा न्यावयाची नाही, न्यायचीच तर देवाला कौल लावून, गाऱ्हाणे घालून, आणि तीही देवकार्यासाठी किंवा गावावर प्रसंग ओढवला तर. हा निर्बंध खोताला होता तसाच कुळालाही होता. राखणदार पाहतो आहे, एवढा धाक पुरे होई. त्यामुळे कोठे पाच गुंठे, तर कोठे पाच-पन्नास एकर, असे पूर्वीच्या महारानाचे तुकडे गावोगाव शिल्लक राहिले.

त्यांचे मोल विद्वानांच्या ध्यानी आले ते १९७० च्या दशकात. श्रीवर्धन तालुक्यातील गाणी या गावच्या लोकांनी आपली काळकाईची राई तुटू नये म्हणून मदतीची हाक दिली. त्यांचे म्हणणे साधे होते. गावचा बारमाही वाहणारा ओढा या राईतून निघतो, राई गेली तर पाणी जाईल. पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वा. द. वर्तक व डॉ. माधव गाडगीळ यांनी त्या सुमारास सह्याद्रीत पायपीट करून देवरायांचा अभ्यास केला. १९७५-७६ पासून त्यांचे लेख प्रसिद्ध झाले व १९८१ साली त्यांनी महाराष्ट्रातील दोनशेहून अधिक देवरायांची यादी दिली. इतरत्र नाहीसे झालेले वृक्ष व वेली या रायांत सापडतात, असे त्यांना आढळले. दोडामार्ग तालुक्यातील बांबर्डे येथे देवाच्या राखणीतील पाणथळीत रानजायफळाच्या कुळातील दुर्मिळ वृक्ष टिकून आहेत. अलीकडे शासनाने त्या जागेला जैविक वारसा स्थळाचा दर्जा दिला आहे. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील एकोणचाळीस स्थळे जागतिक वारसा म्हणून मान्य केली, त्यांत कास, कोयना, चांदोली व राधानगरी ही चार महाराष्ट्रातील आहेत. जगाने आता जो मान दिला, तो खेड्यातील अडाणी समजल्या गेलेल्या पूर्वजांनी कित्येक पिढ्या आधी दिला होता.

जीर्णोद्धार आणि राई

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे भाग आहे. कुऱ्हाड व कोळशाची भट्टी यांपासून वाचलेल्या अनेक राया अलीकडे देवळाच्याच कामात गेल्या आहेत. गाव सद्भावनेने जीर्णोद्धार काढते. निधी अपुरा पडतो, मग राईतील चार जुनी झाडे विकली जातात. सभामंडप वाढतो, गाड्यांसाठी जागा होते, आवारात फरशी व सिमेंट येते. ‘साफसफाई’ म्हणून झाडाखालची झुडपे व रोपे काढली जातात. मोठे वृक्ष उभे दिसतात म्हणून राई आहे असे वाटते. पण खाली एकही रोप नसते. ते वृक्ष म्हणजे वारस नसलेले म्हातारे होत. एखाद्या वादळात ते पडले की मोकळ्या उन्हात रानमोडी शिरते व देवाचे रान संपते. त्या जागी गुलमोहर किंवा ऑस्ट्रेलियन बाभूळ लावून ते भरून येत नाही.

यावर उपायही गावाच्या हातातला आहे. राईची हद्द मोजून तिची नोंद देवस्थानच्या दफ्तरात ठेवावी. बांधकाम जुन्या जोत्यापुरते आवरावे. पातेरा झाडून जाळू नये. पडलेले झाड जागीच कुजू द्यावे. झऱ्यावर सिमेंट घालू नये. जेथे रान विरळ झाले आहे तेथे त्याच राईतील ताजी बी त्याच पावसाळ्यात रुजवावी. या कामाला मोठा निधी लागत नाही, पण दोनतीन पिढ्यांचा संयम लागतो.

देवळाचे कळस बदलतात. गवती छपरावर कौले आली, कौलांच्या जागी स्लॅब आला. मुंबईकर चाकरमान्यांच्या आणि गावकऱ्यांच्या घामाच्या पैशाने आजही देवळे उभी राहत आहेत व ते योग्यच आहे. देणगीदारांची नावे फरशीवर कोरली जातात, तीही जावीत. परंतु ज्यांनी वाळकी काडी न उचलता रान पुढच्यांच्या स्वाधीन केले, त्या पूर्वजांची नावे कोठेच कोरलेली नाहीत. त्यांची देणगी हिरवी उभी आहे व झऱ्याच्या रूपाने वाहते आहे. तिचा सांभाळ करण्याची सद्बुद्धी ग्रामदेवता सर्वांस देवो, हीच तिच्या चरणी प्रार्थना.