वऱ्हाडातला अभ्यासाचा कंदील

वीज येण्याआधी अमरावती-अकोल्याच्या खेड्यांत मुलांचा अभ्यासाचा दिवा म्हणजे कंदील. बैलगाडीखाली टांगायचा तोच, शेतात जागलीला न्यायचा तोच.

आधी विलायती कंदील येत. मग कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा 'प्रभाकर' आला. औंध संस्थानात 1916 साली ओगले बंधूंनी काचेचा कारखाना उभारला. त्यांच्या वडिलांचे नाव प्रभाकर, तेच कंदिलाला मिळाले. स्वदेशीचा इतका उजळ नमुना क्वचितच सापडेल.

या घडणीची खरी करामत बाजूच्या दोन नळ्यांत आहे. ही कल्पना 19व्या शतकातली, अमेरिकेतल्या जॉन अर्विनची. नळ्यांतून हवा खाली ज्योतीकडे उतरते, म्हणून वारा सुटला तरी दिवा सहसा विझत नाही. खटका दाबला की काच वर, चावी फिरवली की वात कमी-जास्त. संध्याकाळी राखेने काच लख्ख पुसणे हे बहुधा घरातल्या मुलांचे काम. अभ्यासाची सुरुवात तिथूनच व्हायची.

लोडशेडिंगच्या वर्षांत अनेक घरांतले कंदील माळ्यावरून पुन्हा खाली उतरले. तुमच्याकडे जुना प्रभाकर असेल तर तो भंगारात देऊ नका. नवी वात घाला, रॉकेल भरा आणि पेटवून पाहा.