मोडलेले हाड सांधते कोण?

घरात कुणाचा हात मोडला, की भेटायला येणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, "हाड नीट बसलं का?" आणि महिना-दीड महिन्याने प्लास्टर उतरले, की तोच गृहस्थ म्हणतो, "डॉक्टरांनी हाड छान जुळवलं हो!" डॉक्टर हाड सरळ बसवितात, ते हलू नये अशी व्यवस्था करतात, हे खरे. खेडोपाडी हाडवैद्य बांबूच्या कामट्या बांधून हेच करीत. पण तुटलेली दोन टोके एकजीव करण्याचे काम ना डॉक्टर करतो, ना हाडवैद्य, ना प्लास्टर. मग ते करतो तरी कोण? शरीरातला हा गवंडी राहतो कुठे? या प्रश्नाचा पाठलाग जवळजवळ तीनशे वर्षे चालला आहे, आणि आजही काही तरुण माणसे प्रयोगशाळेत बसून तो करीत आहेत. त्या पाठलागाची ही हकीकत आहे.

हाड आपले आपण जुळते हे प्राचीनांना माहीत होते. सुश्रुताने अस्थिभंगाचे प्रकार सांगितले, झाडांच्या साली बांधावयास सांगितल्या, आणि मुदतही दिली : लहान वयात एक महिना, मध्यम वयात दोन आणि उतारवयात तीन. हे निरीक्षण आजही ऐकून घेण्यासारखे आहे. पण आत काय घडते हे डोळ्यांना दिसावे कसे? जिवंत हाड मांसाच्या आड, आणि बाहेर काढलेले हाड मेलेले. ही अडचण दूर झाली ती एका जेवणाच्या टेबलावर.

साल १७३६, गाव लंडन. जॉन बेल्चर नावाचे एक शस्त्रवैद्य कापडावर छपाई करणाऱ्या एका कारखानदाराकडे जेवायला गेले होते. पानात डुकराचे मांस आले. पाहतात तो हाड तांबडे! चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. छापलेले कापड स्वच्छ करण्यासाठी ते कोंड्याबरोबर उकळीत, आणि तो रंगलेला कोंडा डुकरांना घालीत. रंग होता आपल्या मंजिष्ठेच्या युरोपीय बहिणीचा, तिच्या मुळांचा. दुसरा कोणी असता तर हसून जेवून उठला असता. बेल्चर यांनी घरी येऊन कोंबड्याला ती मुळे चारली आणि त्याचीही हाडे तांबडी झालेली पाहिली. पुढे कळले ते असे, की हा रंग मुख्यतः त्या दिवसांत नव्याने बनत असलेल्या हाडाला धरतो. म्हणजे हाडाच्या वाढीवर तारीख घालण्याची शाई हाती आली.

ती शाई फ्रान्समधल्या द्युआमेल द्यु मोंसो यांनी उचलली. हे गृहस्थ मूळचे शेतीचे आणि झाडांचे अभ्यासक. त्यांनी जनावरांना काही दिवस मुळे चारली, काही दिवस बंद केली, पुन्हा चारली. हाड कापून पाहिले तर तांबडा थर, पांढरा थर, पुन्हा तांबडा, जणू झाडाच्या खोडातली वर्तुळेच! मग त्यांनी हाडाभोवती चांदीची तार गुंडाळली. काही काळाने तार नव्या हाडाखाली गाडली गेलेली सापडली. द्युआमेल म्हणाले, झाड जसे सालीखालून जाड होते, तसे हाड आपल्यावरच्या पातळ आवरणातून जाड होते. मोडलेल्या हाडाभोवती जी गाठ येते, जिला डॉक्टर कॅलस म्हणतात, तीही या आवरणाचीच करणी.

पण जर्मनीत ग्योटिंगेन येथे आल्ब्रेख्त फॉन हालर यांना हे पटेना. त्यांच्या देथलेफ नावाच्या शिष्याने मंजिष्ठा चारलेल्या जनावरांची मोडलेली हाडे तपासून १७५३ साली पदवीचा प्रबंध सादर केला. त्याचा निष्कर्ष असा, की आवरणाचा काही संबंध नाही. तुटलेल्या हाडातून आणि मज्जेतून एक चिकट रस झिरपतो आणि तोच घट्ट होतो. हालर यांच्या मते सारी किमया रक्तवाहिन्यांची. मौज पाहा, रंग तोच, मोडलेली हाडे तशीच, आणि निष्कर्ष मात्र अगदी उलटे!

हा वाद केवळ पंडितांचा नव्हता. आवरण हाड घडवीत असेल, तर सडलेले हाड काढताना शस्त्रवैद्याने आवरण जपले पाहिजे; घडवीत नसेल, तर ते जपून उपयोग काय? लियाँ येथील ओलिए यांनी सशांच्या हाडावरचे आवरण सोलून शरीरात दुसरीकडे लावले आणि तेथे हाड उगवून दाखविले. त्यांचा मोठा ग्रंथ १८६७ साली निघाला.

ग्लासगोच्या विल्यम मॅक्युएन यांचा अनुभव मात्र वेगळा पडला. एका चार वर्षांच्या मुलाच्या दंडाचे हाड सडून गेले होते. वर्ष उलटून गेले तरी नवे हाड येईना. हात लुळा लोंबत होता. त्याच सुमारास मुडदूस झालेल्या मुलांचे वाकडे पाय सरळ करताना त्यांच्या हाडाच्या पाचरी काढाव्या लागत. मॅक्युएन यांनी त्या पाचरींचे बारीक तुकडे करून या मुलाच्या दंडात बसविले. १८७९-८० साली थोड्याथोड्या अंतराने हे काम झाले. तुकडे जगले, एकमेकांशी जुळले, हात वाचला, आणि मोठेपणी तो गृहस्थ त्या हाताने काम करीत होता. परक्या मुलांच्या हाडांवर एका मुलाचा हात उभा राहिला! मॅक्युएन यांनी १९१२ सालच्या आपल्या पुस्तकात ठामपणे लिहिले, की हाड हाडच घडविते. आवरण हे नुसते कुंपण.

यानंतर प्रश्नाला नवे वळण दिले ते अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या मार्शल युरिस्ट यांनी, १९६५ साली. त्यांनी हाडातला चुना आम्लाने काढून टाकला आणि उरलेला मऊ भाग सशाच्या स्नायूत ठेवला. तिथे ना आवरण, ना जिवंत हाड, तरी काही आठवड्यांत नवे हाड तयार! म्हणजे हाडात एखादे द्रव्य असले पाहिजे, जे जवळच्या साध्या पेशींना हाक मारून म्हणते, "या, हाड घडवा." ते प्रथिन ओळखून त्याची जनुके सापडावयास १९८८ साल उजाडले. २००२ साली अमेरिकेत मणक्याच्या शस्त्रक्रियेसाठी ते औषध म्हणून मान्य झाले. पण २००८ साली तेथील सरकारी औषधखात्याला इशारा द्यावा लागला, की मानेच्या शस्त्रक्रियेत ते वापरल्यास जिवावर बेतणारी सूज येऊ शकते. गवंड्याला हाक मारणे सोपे. त्याला कुठे थांबायचे हे सांगणे कठीण.

आता आजच्या प्रयोगशाळेत डोकावू. डॉक्टरेट मिळाल्यावर दोन-चार वर्षांच्या करारावर संशोधन करणाऱ्या तरुणाला पोस्ट-डॉक म्हणतात. अस्थिभंगाचा अभ्यास करणाऱ्या पोस्ट-डॉकचा दिवस कसा जातो? भूल दिलेल्या उंदराच्या मांडीच्या हाडात बारीक सळई घालावयाची, मोजलेल्या वजनाने ते हाड मोडावयाचे, वेदना कमी करण्याचे औषध द्यावयाचे, आणि मग वाट पाहावयाची. सातवा दिवस, चौदावा दिवस, एकविसावा दिवस. आधी रक्ताची गाठ, मग कुर्चेची मऊ गाठ, मग कठीण हाड. त्यानंतर कित्येक आठवडे जादा हाड कोरून काढण्याचे काम शरीर करीत असते. कातडीवर वण राहतो; चांगल्या सांधलेल्या हाडावर पुष्कळदा खूणही सापडत नाही.

नवे हाड किती आणि केव्हा बनले, हे तो कशाने मोजतो? वेगवेगळ्या दिवशी रंग टोचून. एक रंग हिरवा असतो, आणि दुसरा तांबडा, त्याचे नाव ॲलिझरिन. हे तेच मंजिष्ठेच्या बहिणीच्या मुळातले द्रव्य! १८६८ साली जर्मनीत ग्रेबे आणि लीबरमान यांनी ते कृत्रिम रीतीने बनविले, आणि आता ते बाटलीतून येते, एवढाच फरक. एका रंगाचा थर, मग दुसऱ्या रंगाचा. द्युआमेल आज आले, तर सूक्ष्मदर्शकाखालचा तो काप पाहून त्यांना मुळीच परकेपणा वाटणार नाही.

आणि वादाचा निकाल? २०१८ साली उंदरांवर झालेल्या कामात हाडाच्या आवरणात खास मूळपेशी सापडल्या, म्हणजे द्युआमेल खरे ठरले. रक्तवाहिन्या आत शिरल्या नाहीत तर हाड जुळत नाही, म्हणजे हालर यांचेही पुष्कळसे बरोबर. आणि रोपलेल्या हाडात नवे हाड जागविण्याची शक्ती असते, हे मॅक्युएन यांनी दाखविलेच होते. चूक झाली ती एवढीच, की प्रत्येकाने आपल्याला दिसलेला गवंडी एकटाच आहे असे मानले.

तरी काम संपलेले नाही. म्हातारपणी, मधुमेहात, विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हाड रेंगाळते. काही हाडे जुळतच नाहीत, आणि माणूस वर्षानुवर्षे कुबडीवर राहतो. त्याच्यासाठीच तो तरुण उंदरांचे दिवस मोजीत असतो. त्याचा करार संपत येतो, पण हाड काही त्याच्या करारासाठी घाई करीत नाही. पुष्कळदा महिन्यांच्या मेहनतीनंतर वहीत एकच वाक्य लिहावे लागते : "दोन गटांत फरक आढळला नाही." ते प्रामाणिकपणे लिहिणे हेही त्या कामातच येते, कारण रंग खोटे बोलत नाही, घाईने वाचणारा मात्र फसतो. हालर आणि द्युआमेल यांच्या भांडणाने एवढे तर शिकविलेच आहे.

तेव्हा पुढच्या वेळी कुणाचे प्लास्टर उतरेल, तेव्हा डॉक्टरांचे आभार जरूर मानावेत. पण ज्या हातांनी तो सांधा आतून भरून आणला, ते रोग्याचे स्वतःचेच होते, हेही त्याला सांगावे. आणि प्लास्टर असताना तो घाई करू लागला, तर सुश्रुताची मुदत ऐकवावी. गवंड्याला त्याचा वेळ द्यावाच लागतो.