नांदेड-लातूर : संरक्षित स्मारके

नांदेड-लातूरकडचा किल्ला शोधायला डोंगर चढावा लागत नाही. रामगड ऊर्फ माहूरचा अपवाद वगळला, तर इथले नावाजलेले गड भुईकोट आहेत. उंचीची उणीव त्यांनी खंदक, दुहेरी तट आणि पाण्याने भरून काढली. हा मुलूख पूर्वी ज्यात होता त्या निजामाच्या हैदराबाद संस्थानात १९१४ साली पुरातत्त्व खाते स्थापन झाले व गुलाम यझदानी त्याचे प्रमुख झाले. आज राज्य-संरक्षित वास्तूंना महाराष्ट्राचा १९६० चा कायदा लागू आहे.

या सगळ्यांत कंधार सर्वांत श्रीमंत. मन्याडकाठचे हे गाव राष्ट्रकूटांचे मोठे केंद्र होते आणि तिसऱ्या कृष्णाचा शिलालेख इथे सापडला. जवळचा तलाव अजूनही ‘जगत्तुंग सागर’ या राष्ट्रकूटी नावानेच ओळखला जातो. क्षेत्रपालाच्या मूर्तीचे सुटे अवयव एवढे अवाढव्य आहेत की, सबंध मूर्ती केवढी असेल याचा अंदाज पाहणाऱ्याने आपला आपणच बांधावा. किल्ल्याभोवतीचा रुंद खंदक आणि आतली मुसलमानी राजवटींतली बांधकामे पाहताना एकाच ठिकाणी किती सत्ता नांदल्या, हे ध्यानात येते.

लातूर जिल्ह्यात औसा आणि उदगीर हे तसेच दोन भुईकोट. ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊने निजामाला नमवले ते उदगीरच्या मोहिमेत. तहात दौलताबादसारखी ठाणी मराठ्यांना मिळाली. पुढच्याच जानेवारीत पानिपत झाले आणि या विजयाची चर्चाच मागे पडली. उदगीरच्या किल्ल्यात उदागीर महाराजांची समाधी आहे, त्यामुळे इतिहासापेक्षा दर्शनासाठी येणारेही इथे भेटतात.

औशाजवळची खरोसा लेणी साधारण सहाव्या शतकातली, जांभ्या दगडात खोदलेली. अजिंठा-वेरूळच्या बेसॉल्टसारखा हा दगड रेखीवपणा टिकवत नाही. रामायण-महाभारतातले प्रसंग कोरलेले आहेत, पण झिजलेल्या आकृती ओळखायला नजर सरावावी लागते.

देगलूर तालुक्यातील होट्टलचे चालुक्यकालीन सिद्धेश्वर मंदिर आणि निलंग्याचे नीलकंठेश्वर मंदिर ही शिल्पांसाठी आवर्जून पाहण्याजोगी. होट्टलच्या बाह्यभिंतींवरच्या सुरसुंदरींपुढे तासभर सहज जातो.

नांदेडचा सचखंड गुरुद्वारा हे मात्र निराळे प्रकरण. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी जिथे देह ठेवला, तिथली वास्तू महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात उभारली. तिचा कारभार १९५६ च्या स्वतंत्र कायद्यानुसार गुरुद्वारा मंडळ पाहते.